वजनाचा रोजमेळ

प्रकल्प: स्वतःचं वजन कमी करणे
ठिकाण: सातारा
आरंभीची शिल्लक: वजन ९८.४ किलो, उंची १७० सेंमी, बेंबीपाशी घेर ११२ सेंमी, वय ४३
उद्दिष्ट: ३१ मार्च २०२५ अखेर ८० किलो

१ एप्रिल २०२४, सोमवार

नवं आर्थिक वर्ष, नवी वही. काल रविवार असूनही रात्री साडेअकरापर्यंत ऑफिसात होतो. मार्चएण्डला सी.ए.च्या ऑफिसात रविवार नसतो आणि जेवणही नसतं. चहा असतो आणि कागदातली भेळ. गेल्या आठवड्यात रक्त तपासलं, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, "अजून दाराबाहेर आहात, पण चपला काढून ठेवल्यात."

हा पहिला प्रयत्न नाही. काही वर्षांपूर्वी घरोघरी दीक्षित की दिवेकर हा आहाराच्या दोन पद्धतींचा वाद चालायचा, तेव्हा मी दोन्ही केलं. आधी एक, मग दुसरं. नऊ किलो उतरलं, अकरा चढलं. दोष पद्धतींचा नव्हता. दोन्ही वेळा मला कोणी 'सोड' म्हटलं नाही, मीच एक दिवस केलं नाही आणि दुसऱ्या दिवशी विसरलो. हुरूप आहे तोवर करणारा माणूस आहे मी. हुरूप गेला की घरात जणू असं काही चाललंच नव्हतं.

म्हणून या वेळी रोजमेळ. तीन रकाने: वजन, ताट, पाय. सतरा वर्षं पक्षकारांना सांगतोय, पावती नाही म्हणून खर्च झालाच नाही असं होत नाही हो. तेच स्वतःला. नियम दोनच. कीर्दीत करतात तसंच खाडाखोड करायची नाही, चुकलं तर दुरुस्तीची नोंद करायची. आणि एकही तारीख रिकामी सोडायची नाही.

८ एप्रिल, सोमवार

९६.७. आठवड्यात १.७ किलो! घरात आनंदीआनंद, धाकटीने फ्रिजवर कागद चिकटवला: "बाबा -१.७".

मला मात्र हिशेब लागेना. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १.७ किलो जाळायला १३,००० च्या वर तूट लागते, म्हणजे दिवसाला १,८७० ची. सात दिवस जवळजवळ उपाशी राहायला हवं होतं. मी तर रोज दोन वेळा व्यवस्थित जेवलोय. खरं कारण असं की खाणं कमी केलं की शरीर आधी स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवणीच्या साखरेचा, साठा मोडतं, आणि ग्लायकोजेन स्वतःच्या तिप्पट पाणी धरून बसलेलं असतं. ते पाणी गेलं. त्यामुळे हे बिनपावतीचं उत्पन्न, जमा धरलं नाही. फ्रिजवरचा कागद मात्र काढला नाही.

उद्या पाडवा. चक्का टांगून झालाय.

१९ एप्रिल, शुक्रवार

चहाचं खातं आज उघडलं. ऑफिसात सकाळपासून सहा कप, कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ६० ग्रॅम, महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम. दोनदा बेरीज केली, तरी तेवढीच. दिवसाच्या २४० कॅलरी, महिन्याच्या ७,२००. किलोभर चरबीचा भाव जवळजवळ तेवढाच. म्हणजे मी महिन्याला एक किलो वजन नुसतं चहातून पीत होतो, आणि वर घरी सांगत होतो की मी गोड खात नाही.

चहा सोडणार नाही. चहा सोडला तर ऑफिस सोडावं लागेल. दोन कप, एक चमचा. बाकीचे चार कप कोरे. पोऱ्या म्हणाला, "साहेब, काय झालं, उपास?"

१० मे, शुक्रवार

अक्षय्य तृतीया. आमरस, दोन वाट्या. तिसरी आईने न विचारता वाढली. नोंद केली: तीन.

१९ मे, रविवार

पायांच्या रकान्यात आतापर्यंत 'गल्लीतून चक्कर' एवढंच होतं. आजपासून किल्ला. साताऱ्यात राहून अजिंक्यतारा चढायला त्रेचाळीस वर्षं लागली असं म्हणवत नाही, शाळेची सहल गेली होती. पण त्यानंतर गेलो ते पाहुण्यांना घेऊन, गाडीतून.

सडकेच्या दुसऱ्या वळणावर धाप लागली म्हणून कठड्यावर बसलो. एक काका आले. डोक्याला मफलर, मे महिन्यात. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, रोज मंगळाईच्या देवळापर्यंत जातात. मी काय करतो ते विचारलं. मग म्हणाले, "हिशेबनीस, उद्यापास्नं इथंच. पाच पन्नासला मी डबल बेल देतो. थांबत नसतो."

माझ्या वजनाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, हे मला फार आवडलं.

१७ जून, सोमवार

९२.९. आता घरातल्या तेलावर आलो. पाच लिटरचा डबा आणला की त्यावर मार्करने तारीख घालायची, संपला की दुसरी. मागचा डबा पस्तीस दिवसांत संपला. माणसं चार. डोई दिवसाला ३५ मिलीच्या आसपास, कॅलरीत जवळपास तीनशे. हे फक्त फोडणीचं आणि तळणाचं, दाण्याचं कूट आणि तूप वेगळं.

ही म्हणाली, "प्रकल्प तुमचा आहे ना? मग आमच्या आमटीला शिक्षा कशाला?"

मुद्दा बिनतोड आहे. वाटाघाटी झाल्या. फोडणीला पळीऐवजी चमचा, पोळीला तेल बंद, आठवड्यात एक दिवस तळण हवं ते. रविवारची मटणाची तर्री या करारातून वगळली आहे. त्यावर चर्चा होणार नाही असं मला कळवण्यात आलं.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. एकादशी दुप्पट खाशी. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, तेवढ्याच दाण्यांत साडेपाचशेच्या वर, त्यात तूप आणि बटाटा. उपासाच्या दिवशीच माझं खातं नावे जातं. आज वरीचा भात आणि दाण्याची आमटी, एक वाटी. खिचडी नुसती चाखली. चाखली म्हणजे चार चमचे.

वजन ९१.४. सात टक्के उतरलं. या आकड्याला थोडं महत्त्व आहे. अमेरिकेत उंबरठ्यावरच्या लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये त्याचे निकाल आले. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं, एवढंच उद्दिष्ट दिलेल्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे चेन्नईत तसाच अभ्यास झाला, त्याचे निकाल २००६ चे. तिथे फरक २८.५ टक्के निघाला. आपल्या लोकांची जात चिवट दिसते. तरी पावणेतीन आणे नफा कोण सोडतो?

वरचं वाक्य परत वाचलं. २८.५ टक्के म्हणजे रुपयात साडेचार आणे. दुरुस्तीची नोंद केली.

३१ जुलै, बुधवार

रिटर्नची शेवटची तारीख. वजन ९०.८. पाय: शून्य. ताट: ऑफिसखर्चाने समोसे, तीन. पाऊस धो धो. नोंद केली, झोपतो.

२ सप्टेंबर, सोमवार

पँट कमरेत गोळा व्हायला लागली, पट्ट्याला घरीच खिळ्याने भोक पाडलं होतं. शेवटी मोती चौकाजवळच्या टेलरकडे गेलो. चाळीसच्या तीन पँटी अडतीसला आत घ्यायला दिल्या. तो म्हणाला, "कापत नाही, नुसती आत घेतो. माया राहू द्या."

वजन ८९.६. लोक विचारायला लागलेत. विचारलं की दिवस बरा जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. आज चौघांनी विचारलं, आणि संध्याकाळी मी लिफ्ट सोडून जिन्याने गेलो. चौथ्या माणसाने बघावं म्हणून.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. उकडीचे मोदक, पाच. तुपासकट. सहावा हिने माझ्या ताटातून उचलला, त्याबद्दल आभारी आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

सात आठवडे झाले, काटा ८९ आणि ९० च्या मध्ये बसून आहे. ८९.६, ८९.९, ८९.२, ८९.८, ८९.४. ऑडिटची मुदत ३० सप्टेंबरवरून ७ ऑक्टोबरला गेली. त्या दिवसांत ताट बिघडलं होतं हे मान्य, पण वहीत बघितलं तर बाकीचे पाच आठवडे स्वच्छ आहेत. किल्ला आठवड्यातून पाच दिवस, चहा दोन, तळण रविवारी. तरीही.

न लागलेला फरक सस्पेन्स खात्यात टाकून झोपायची माझी सवय नाही, म्हणून बसून शोधला. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर किती जाळतं याचं एक सूत्र आहे, मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं, १९९० चं. पुरुषांसाठी वजनाची दसपट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, अधिक पाच. एप्रिलमध्ये माझं यायचं १,८३६. आज येतं १,७४७. म्हणजे काही न करता दिवसाचे नव्वद कमी झाले, अर्धी भाकरी धरा. शिवाय किल्ला चढताना नऊ किलोचं ओझं पाठीवर नाही, तेव्हा तीच चढण आता स्वस्त पडते. आणि तिसरी गोष्ट सूत्रात नाही, माझ्या वाटीत आहे. भाताची वाटी एप्रिलमध्ये सपाट होती, आता तिला शिखर आहे. मी रोज 'भात १ वाटी' लिहितोय, आणि वाटी डोंगर झालीय. पक्षकाराने असं केलं असतं तर पहिल्या दिवशी पकडलं असतं.

काकांना वर मंगळाईपाशी सांगितलं, सात आठवडे हलत नाही. ते दूरदर्शनच्या टॉवरकडे बघत म्हणाले, "हा किल्ला घ्यायला औरंगजेब स्वतः आला हुता." मग शेंगदाणे काढून खात बसले. पुढे काही बोलले नाहीत.

मला मात्र घरी येऊन तारखा बघाव्या लागल्या. डिसेंबर १६९९ मध्ये वेढा पडला, किल्ला हाती आला एप्रिल १७०० मध्ये. चार महिन्यांहून जास्त. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी मोजकी माणसं घेऊन झुंजवला. बादशहाकडे तोफा होत्या, सुरुंग होते, हत्ती होते. एक सुरुंग त्यांच्याच माणसांवर उडाला. आता या गोष्टीत मी बादशहा की प्रयागजी, ते ठरेना. वजन हा किल्ला धरला तर मी औरंगजेब होतो, आणि ते साताऱ्यात राहून बरं दिसत नाही.

वाटीची नोंद: उद्यापासून वाटी सपाट.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

लक्ष्मीपूजन. ऑफिसात वहीपूजन. माझीही वही पूजेत ठेवली, हळदकुंकू पहिल्या पानावर, ९८.४ च्या शेजारी. वजन ८९.४. फराळ: चकली ४, करंजी २, चिवडा मोजला नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. नंतर लिहितो.

२५ नोव्हेंबर, सोमवार

३ ते २४ नोव्हेंबर, बावीस तारखा. वहीत कोरी जागा सोडत नाहीत, म्हणून प्रत्येक पानावर तिरकी रेघ मारून 'नोंद नाही' लिहिलं. बावीस वेळा. हात दुखला. दुखायलाच हवा होता.

काय झालं ते लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी उपयोगी पडेल. भाऊबीजेला सकाळी काट्यावर उभा राहिलो, ९१.३. दोन दिवसांत १.९ किलो. उतरलो, काट्याचा सेल सैल असेल म्हणून परत बसवला, पुन्हा उभा राहिलो, ९१.३. मग काटा पायाने पलंगाखाली सरकवला. इथे वही बंद झाली. खाण्यावरचा ताबा सुटला तो नंतर, आधी वही सुटली. पुढचे दिवस मी 'सोमवारपासून' या शब्दावर काढले. त्यातले तीन सोमवार येऊन गेले. सकाळी पावणेसहाला जाग यायची, रोज यायची, आणि मी काकांच्या मफलरचा विचार करत पडून राहायचो.

आज शांतपणे बेरीज केली. दोन दिवसांत १.९ किलो चरबी चढायला १४,६०० कॅलरी जादा खायला हव्यात. चारशे ग्रॅम चिवडा आणि डझनभर करंज्या धरल्या तरी ते जमत नाही. ते मीठ होतं, पाणी होतं, भरलेला ग्लायकोजेनचा साठा होता आणि पोटातला ऐवज होता. एप्रिलमध्ये हेच पाणी उतरलं तेव्हा शहाण्यासारखं 'बिनपावतीचं, जमा धरलं नाही' असं लिहिलं होतं. नोव्हेंबरमध्ये तेच पाणी परत आलं तर ते मुकाट्याने नावे टाकलं आणि दुकान बंद करून घरी गेलो. जमेला एक नियम, नावेला दुसरा. असा ताळेबंद कोणी आणला तर साहेब तो माझ्या तोंडावर फेकतील.

आज वजन ९२.१. यातलं काही पाणी, पण बरंचसं आता खरं. बावीस दिवसांचं आहे.

गेल्या बुधवारी काकांचा फोन आला होता. "जागा धरून ठेवू का सोडू?" मी म्हटलं, धरा. आज पाच पन्नासला वळणावर पोचलो. त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं आणि चालायला लागले. दुसऱ्या वळणावरून तिसऱ्या वळणापर्यंत एक शब्द नाही. मग म्हणाले, "बिनतिकीट बावीस दिवस."

मोजत होते!

१५ डिसेंबर, रविवार

रोज काट्यावर उभं राहतो, पण वहीत मोठ्या अक्षरात लिहितो ती सात दिवसांची सरासरी. रोजचा आकडा बारीक, पेन्सिलीने, शेजारी. रोजचा आकडा म्हणजे गल्ल्यातली रोकड, सकाळ-संध्याकाळ हलणारच. किलो-दीड किलो इकडे-तिकडे होतं ते नुसत्या मिठाने आणि पाण्याने. आज रोकड ९१.६, सरासरी ९१.१.

दुसरी व्यवस्था किमान नोंदीची. ज्या दिवशी मुळीच इच्छा नसेल त्या दिवशी काय करायचं हे इच्छा नसताना ठरवता येत नाही, म्हणून आत्ताच ठरवून ठेवलं. काट्यावर उभं राहायचं, बूट घालायचे, दुसऱ्या वळणापर्यंत जायचं. तिथून परत फिरलो तरी पायांचा रकाना भरला. या पंधरवड्यात चार वेळा तिथूनच परत फिरायचं म्हणून निघालो. एकदाच फिरलो. बाकी तीन वेळा काकांनी डबल बेल दिली आणि परत फिरायची लाज वाटली.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे. किमान ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास, उतरवून वर्षभर तसंच ठेवलेल्यांनाच तिच्यात जागा. त्यांतले पाऊणशे टक्के लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, नव्वद टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. वाचून बरं वाटलं. मग हिशेबनिसाची खोड आडवी आली. ज्यांचं दिवाळं निघालं त्यांच्या वह्या त्या कपाटात नाहीत. त्यांनीही आठवड्याला वजन केलं असेल, कोण जाणे. तरी जे टिकले त्यांनी काटा पलंगाखाली सरकवला नव्हता, एवढं खरं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

सरासरी ८९.९. तिळगूळ: नऊ घरांचा. गोड बोलतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

लग्नाला गेलो होतो कराडला. पाच महिन्यांपूर्वी लोक म्हणायचे, "काय, बारीक झालात!" आता मामी बाजूला घेऊन हळूच विचारतात, "तब्येत बरी ना? साखर निघाली का?" आईचं वेगळंच. जेवायला वाढताना शेजारच्या बाईंना सांगत होती, "वाळलाय नुसता, ऑफिसात फार काम." एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, समजावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठ धरतात, माझा अजून ३० च्या वर आहे. तिच्या मते मी उपाशी मरतोय.

कौतुक पहिल्या सहा-सात किलोंनाच मिळतं. पुढचे सहा-सात तेवढेच जड, पण लोकांना दिसत नाहीत, नाहीतर आजार दिसतो. सप्टेंबरात चौघांनी विचारलं म्हणून जिना चढलो होतो. आज कोणी विचारत नाही, जिना मात्र तोच आहे. चढताना पहिल्यांदा लक्षात आलं की बघणारं कोणी नाही आणि मी चढतोय. फार मोठं काही वाटलं नाही. धाप कमी लागली, एवढंच.

३१ मार्च, सोमवार

वर्षअखेर. काल पाडवा, श्रीखंड झालं, एक वाटी, सपाट.

उद्दिष्ट ८०. प्रत्यक्ष ८६.७. तूट ६.७ किलो. घेर १०१. एचबीए१सी ५.६, म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडे. डॉक्टरांनी कागद बघून फक्त "चपला घाला" म्हटलं.

दुरुस्तीची नोंद: ८० हा आकडा कुठून आणला होता ते मागे जाऊन बघितलं. कुठूनच नाही. गोल आहे म्हणून घेतला होता. आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम, बावन्न आठवडे, एकही दिवाळी नाही, एकही ऑडिट नाही असं गृहीत धरलेलं. आम्ही पक्षकारांची अंदाजपत्रकं अशीच करतो, बँकेला दाखवायला. नवीन वर्षाला उद्दिष्ट वजनाचं ठेवत नाही. किल्ला आठवड्यातून पाच दिवस, कोरी तारीख शून्य. वजन जे होईल ते पुढे ओढायचं.

ऑफिसात वजन उतरवायच्या इंजेक्शनची चर्चा आहे. याच महिन्यात मौंजारो भारतात आलं, आठवड्याला एक टोचायचं, भूक मरते म्हणतात. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही का नाही घेत? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, औषध आहे, ज्याला लागतं त्याला देऊ, तुमचं चाललंय ते चालू द्या, अडलं तर बोलू. मला त्यात कमीपणा वाटत नाही. अडलं तर जाईन.

२७ मे, मंगळवार

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. सडकेवर शेवाळ धरायच्या आधीच पाणी वाहायला लागलंय. काका पुण्याला मुलाकडे गेलेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. तीन आठवडे नाहीत. जाताना सांगून गेले, "गाडी तुमची तुम्ही काढा."

१५ जून, रविवार

काका नव्हते ते एकवीस दिवस मोजले. किल्ला तेरा दिवस. दुसऱ्या वळणावरून परत, पाच. घरीच, तीन. ते असते तर अठरा-एकोणीस झाले असते. म्हणजे अजून पाचेक दिवस दर तीन आठवड्यांत मी काकांच्या खात्यावर चालतोय. हे कमी करता येईल असं वाटत नाही, आणि करावं असंही वाटत नाही. मात्र कोरी तारीख एकही नाही. सरासरी ८४.६.

उद्या ते येतायत. ऑपरेशन केलेल्या डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून मोठी छत्री काढून ठेवली.

२१ जून, शनिवार

टेलरकडे गेलो. अडतीसच्या त्याच तीन पँटी, आता छत्तीसला. त्याने एक उलटी करून टेबलावर पसरली, मागचे दोन खिसे बोटांनी जवळ आणून दाखवले. "आणखी आत घेतली तर खिसे एकमेकांना चिकटतील साहेब. दिसायला वाईट. पाटा उसवून नीट करायला लागेल, आतलं कापड कापायला लागेल." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "कापू? का माया ठेवू, परत लागली तर सोडता येईल?"

मी त्या शिलाईकडे बघत उभा राहिलो. सप्टेंबरातली दुमड आत तशीच होती, दोन्ही बाजूंना मिळून दोन इंच कापड, खडूची खूण अजून पुसलेली नाही. एवढे दिवस ती माझ्याबरोबर किल्ला चढत-उतरत होती. मागच्या वेळी ९ उतरलं आणि ११ चढलं, हे मला माहीत आहे, टेलरला नाही. पण विचारायची त्याची पद्धत अशी होती की माझ्यासारखी बरीच गिऱ्हाइकं त्याने बघितली असावीत.

"दोन इंच नको," मी म्हटलं. "अर्धा इंच ठेवा. दिवाळीपुरता."

तो हसला नाही. खडूने रेघ मारली, पावतीवर लिहिलं: पँट ३, कंबर ३६, माया अर्धा इंच. गुरुवारी मिळतील.